धार लागली, की थांब

अगं धाकटे,

आपल्या अण्णांची हजामतीची धोकटी तू माळ्यावरून काढलीस आणि त्यांचा जुना वस्तरा पुन्हा चालता करायचा घाट घातलास, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. अण्णा शेजारीच बसले होते, आणि काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलायच्या नव्हत्या. म्हणून आज निवांत बोलू. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. दोन-तीन जपानी दगड, बेल्जियमचा पिवळा दगड, घासायच्या फिल्मचे कागद, हिरवी पेस्ट, हिऱ्याची पेस्ट, बाल्सा लाकडाची फळी. आणि खाली तुझा प्रश्न, ‘ताई, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?’

उत्तर आधीच देऊन टाकते. मूळ धार नीट बसलेली असेल, तर यातल्या कशानेही ती दाढी होण्याइतकी नेता येते. ती येत नाही याचं एक मोठं कारण धरसोड. आज दगड, उद्या फिल्म, परवा पेस्ट, आणि मग धार कशाने आली नि कशाने गेली याचा पत्ताच लागत नाही. तुला प्रयोग करायचेत ना, खुशाल कर. पण आधी एक पद्धत हातात बसू दे, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदल. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

दगडाला पाणी लावण्याआधी पातं बघ. अण्णांचा वस्तरा जर्मनीतल्या झोलिंगेनचा आहे, पात्याच्या बुडाशी ते नाव ठोकलेलं आहे. झोलिंगेन आणि इंग्लंडातलं शेफील्ड ही वस्तऱ्यांची माहेरघरं. आजही चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुन्या वस्तूंच्या ढिगात ही दोन नावं हाताला लागतात. घड्याळजी वापरतात ते भिंग डोळ्याला लावून धार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपास. पात्याच्या अंगावर काळपट डाग असले तर काळजी नको, ते फक्त दिसायला वाईट. गंजाने पाडलेले खड्डे धारेपर्यंत पोचलेत का, ते बघायचं. पोचले असतील तर तेवढं पोलाद घासून काढावं लागेल, आणि ते काम सुरुवातीलाच तू करू नयेस. धारेत तडा दिसला तर वस्तरा तसाच पुसून अण्णांच्या देवघराशेजारी ठेव, चेहऱ्यावर आणू नकोस. मिटताना पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतं का, खिळा ढिला झालाय का, हेही बघून घे.

आणि एक. गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे हा वस्तरा द्यायचा नाही. आईची विळी, सुऱ्या, कात्र्या त्याच्याकडे बिनधास्त दे, त्या कामात त्याचा हात सुरेख आहे. पण वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, धारेजवळ ते कागदाहून पातळ होतं. फिरत्या चाकावर इतकं पातळ पोलाद क्षणात तापतं आणि त्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. दिसायला पातं चकचकीत दिसेल, पण त्यावर धार टिकायची नाही, आणि गेलेलं पाणी घरी परत देता येत नाही. वस्तरा चाकावर चढवायचा नाही, मोटारीवर तर नाहीच.

आता वस्तरा दगडावर आडवा ठेव. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात, दिसलं? हीच या हत्याराची खुबी. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्यात तो घडवणाऱ्यानेच बांधून दिलेला असतो. पातं १९ मिलिमीटर रुंद आणि पाठ ५ मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन सुमारे १५ अंश भरतो. तुला तो मोजायचा नाही आणि धरायचाही नाही. पाठ उचलायची नाही, बस्स. दगडावर असताना पाठ एकदा जरी उचलली गेली, तरी तेवढ्या फेरीत धारेचं टोक बोथट होतं आणि आधीची मेहनत वाया जाते.

पण हे सगळं दगड सपाट असेल तरच. दगड वापरून मधे खोलगट होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यावर पेन्सिलीने चौकटी आख, जाड काचेवर वॉटर पेपर पसर, पाणी सोड आणि दगड त्यावर घास. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. वॉटर पेपर नागदेवी स्ट्रीटला हव्या त्या नंबरचा मिळतो. मात्र तिथे दुकानदार दोन बाजूंचा काळा-करडा दगड हातात देईल, तो घेऊ नकोस. तो पटाशीला आणि कोयत्याला ठीक आहे, वस्तऱ्याला फार खरखरीत.

पहिला दगड हजार नंबरचा. खरी धार इथेच बसते, पुढचे दगड तिला फक्त गुळगुळीत करतात. हजार नंबरच्या दगडातले कण साधारण १४ मायक्रॉनचे, आठ हजारच्या दगडातले एक-दोन मायक्रॉनचे. आपल्या डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे कसल्या बारीक कामात तू हात घालते आहेस ते लक्षात येईल. सुरू करण्यापूर्वी धारेवर दोन्ही बाजूंनी काळ्या मार्करची रेघ ओढ. थोड्या फेऱ्या मारून भिंगातून बघ. जिथली शाई पुसली तिथे दगड लागला, जिथे राहिली तिथे लागला नाही. बहुतेक जुन्या वस्तऱ्यांत टाचेकडे, म्हणजे मुठीकडच्या बाजूला, किंवा टोकाकडे शाई उरते, कारण आधीच्या माणसाचा हात एकीकडे जड असतो. तिथे दाब वाढवण्याचा मोह होईल. वाढवू नकोस, फेऱ्या वाढव.

दाबाचं सांगते, कारण तुझा हात मला माहीत आहे. तू पोळपाटावरसुद्धा लाटणं रेटतेस. वस्तऱ्यावर तसं चालत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांना पात्याच्या वजनावर बोटाचा थोडासा भार, आणि शेवटी शेवटी दुधावरची साय बोटाने बाजूला सारावी एवढाच. जास्त दाबलंस तर पातळ पातं वाकतं, धार दगडावरून सुटते आणि तू नुसती पाठ घासत बसतेस. फेरी धार पुढे ठेवून, दगडावरून तिरकी खाली येणारी. दगड पात्यापेक्षा अरुंद असला तरी तिरक्या फेरीत टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. टोकाला पोचलीस की पातं पाठीवर उलट आणि परत ये. उलटताना धार कायम हवेत, पाठ दगडावर.

हजारवर काम झालं हे कसं ओळखायचं? भिंगातून धारेच्या दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत सलग, एकसारखी पट्टी दिसते. धार दिव्याखाली सरळ डोळ्यांसमोर धर. बोथट जागी प्रकाश चमकतो, धारदार जागी काही दिसतच नाही. आणि मनगटावरची लव पातं कातडीला टेकवून फिरवलं की टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखी निघते. यातलं एक जरी कमी असेल तरी पुढच्या दगडाला हात लावू नकोस, मग रात्रीचे बारा वाजले तरी चालतील. घरी धार लावणाऱ्यांची निराशा पुष्कळदा याच पायरीवर होते. हजारवर धार बसलेली नसते, आणि ती शोधत माणूस बारा हजारचा महाग दगड विकत घेतो.

त्यानंतर तीन किंवा चार हजार, मग आठ हजार. प्रत्येक दगडाचं काम एवढंच की आधीच्या दगडाचे ओरखडे पुसायचे. दगड बदलताना पातं आणि हात स्वच्छ धू, नाहीतर जाड कण बारीक दगडावर येतो आणि धारेला खाच पाडतो. आठ हजारवर थांब. बारा हजारचा दगड तू आणला आहेस, तो कपाटात राहू दे, त्याची पाळी प्रयोगात येईल.

मग पट्टा. अण्णांचा पट्टा आरशाशेजारच्या खुंटीला लटकायचा आणि आपण दोघी त्याच्या आवाजाने उठायचो. त्या पट्ट्याला दोन पदर आहेत, एक जाड कापडाचा आणि एक चामड्याचा. आधी कापड, मग चामडं. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर बरोबर उलटं, पाठ पुढे आणि धार मागून. धार पुढे गेली तर पट्टा कापला जाईल आणि धारही मोडेल. पट्टा ताणून धर, सैल सोडलास तर तो पात्याखाली झोळी होतो आणि धार गोल करतो. कापडावर वीसेक आणि चामड्यावर पन्नासेक फेऱ्या पुरतात. वेग दाखवायची गरज नाही. अण्णा जे झपझप करायचे ते आयुष्यभराच्या सवयीने. तू सावकाश कर, पातं प्रत्येक वेळी पाठीवरूनच उलटव. जुने कारागीर तळहातावरही पातं फिरवत, ते तू करायचं नाहीस. हे मी तुला विनंती म्हणून सांगत नाही.

एवढी एकच वाट, हजार ते आठ हजार आणि पट्टा, तुझ्या हातात पक्की बसू दे. सलग काही वेळा तिनेच धार काढ. तुझी धार दर वेळी सारखी येऊ लागली की तुझ्याकडे मोजपट्टी आली. मग खरे प्रयोग सुरू कर, आणि त्यांची मजा तुला तेव्हाच कळेल.

एक वही घाल. तारीख, कोणता दगड, टेप (तिचं पुढे सांगते) होती की नव्हती, पट्टा किती, आणि दाढी कशी झाली. दाढीबद्दल दोन गोष्टी लिही, पातं ओढत होतं का आणि नंतर आग झाली का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी धार इतकी तीक्ष्ण असते की केस निघालेला कळत नाही, पण कातडी चुरचुरते. कधी थोडी कमी तीक्ष्ण असते पण अंगाला गोड लागते. कोणती पद्धत कोणती धार देते, हे शोधण्यासाठीच तर एवढी खटपट.

पहिला प्रयोग टेपचा कर. पाठीवर इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचा एक पदर चिकटव. पाठीचं पोलाद झिजायचं वाचतं आणि कोन साधारण एका अंशाने वाढतो. वाढलेल्या कोनाची धार थोडी दणकट असते. पण एकदा टेप लावून धार काढलीस तर पुढच्या वेळी टेपशिवाय दगडावर गेलीस की धार दगडाला टेकणारच नाही. म्हणून टेप लावली होती की नाही ते वहीत लिहिलंच पाहिजे. टेप झिजते, दर दगडाला नवी लाव.

दुसरा प्रयोग फिल्मचा. ती काचेवर पाण्याने चिकटवायची. फिल्मचा गुण असा की तिचा कण सगळीकडे सारखा आणि ती खोलगट होत नाही, झिजली की फेकायची. दगड सपाट करण्याची कटकट वाचते. पण पहिली वाट जशीच्या तशी ठेवून फक्त आठ हजारच्या जागी एक मायक्रॉनची फिल्म घाल आणि दाढीत काय बदलतं ते बघ. सगळं एकदम बदललंस तर काहीच कळणार नाही.

बेल्जियमचा पिवळा दगड मला फार आवडतो. तो आर्डेनच्या डोंगरातून निघतो, आणि त्याच्यातले गार्नेटचे बारीक मणी पोलाद खातात. छोट्या दगडाने त्याच्यावर घासून दुधासारखं पाणी काढायचं, त्यात वस्तरा चालवायचा, आणि थेंब थेंब पाणी घालत ते दूध विरळ करत न्यायचं. दाट असताना तो भराभर कापतो, विरळ झाल्यावर नुसता गुळगुळीत करतो. एकाच दगडात सगळ्या पायऱ्या. त्याची धार जपानी दगडाइतकी कडक नसते, पण अण्णांच्या उतारवयातल्या नाजूक कातडीला ती मानवेल असं मला वाटतं. मात्र या दगडाला हात जाणता लागतो, कारण पाणी कधी आणि किती घालायचं हे कोणताही नंबर सांगत नाही. तो शेवटी घे.

पेस्टबद्दल सांभाळून. हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. बाल्साच्या फळीवर ती अगदी पातळ फासून थोड्या फेऱ्या मारल्या की थकलेली धार पुन्हा उभी राहते. हिऱ्याची पेस्ट त्याहून जोरात कापते. हे इतकं सोपं आहे की माणूस दगड विसरतो आणि दर आठवड्याला पेस्टच मारत राहतो. हळूहळू धार गोल होत जाते आणि एक दिवस पेस्टही काही करत नाही. तेव्हा पेस्ट वापर, पण दर महिन्या-दोन महिन्यांनी दगडाकडे परत जायचं हे ठरवून वापर. आणि अण्णांच्या चामड्याच्या पट्ट्याला पेस्ट लावू नकोस. एकदा लागली की चामड्यातून निघत नाही.

धार तपासायला लोंबता केस वापरतात. केस मुळाकडून दोन बोटांत धरायचा आणि मोकळं टोक धारेवर सोडायचं, तो आपल्या वजनाने तुटला तर धार उत्तम. पण तुझा केस आणि माझा केस सारखा नाही, आज न्हालेला आणि तेल लावलेला सारखा नाही. म्हणून एकाच डोक्याचे, धुतलेले, वाळलेले केस वापर. शेवटी खरा निकाल दाढीच देते. आणि अण्णांना सांगू नकोस की आज कोणती पद्धत वापरलीस. तू त्यांची लाडकी, तू काहीही केलंस तरी ते ‘छान’ म्हणणार. पद्धत माहीत नसेल तर ते हाताला आणि गालाला जे कळतं ते सांगतील. त्यांच्याएवढा जाणता परीक्षक तुला साऱ्या दादरमध्ये मिळायचा नाही.

दाढीची तयारीही दर वेळी सारखीच ठेव. आंघोळीनंतर, गरम पाण्याचा टॉवेल, तोच साबण, तेवढाच वेळ फेस. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास छापला होता. पोलाद केसाहून पन्नासेक पट कठीण, तरी दाढी करता करता ब्लेडची धार का जाते, हा त्यांचा प्रश्न. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका आला आणि पोलाद त्या जागी सगळीकडे सारखं नसलं की टवका उडतो. आपल्याला त्यातून एवढं घ्यायचं की केस भिजून मऊ झालेला असला तर धारेवरचा ताण कमी होतो. कोरड्या दाढीवर दगड आणि पेस्ट यांची तुलना केलीस तर ती तुलना दगडांची राहणार नाही.

आता जे अण्णांसमोर बोलायचं नव्हतं ते. मागच्या महिन्यात आपल्या हजामतीच्या दुकानात कुणीतरी म्हणालं ना, ‘मुलीच्या हातात वस्तरा कसला देताय?’ तू हसून सोडून दिलंस, पण तुला ते लागलं. मला कळलं. त्या माणसाला उत्तर देऊ नकोस, पण तुझ्या मनात उत्तर असू दे.

या शहरात वस्तरा आणि बाई यांचं जुनं दुःखाचं नातं आहे. नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं, आणि ते काम आपल्याच लोकांच्या हातून करून घेतलं जायचं. १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपल्या धंद्याचं हत्यार खाली ठेवलं. त्याच वर्षी त्याच लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. परळ-लालबागच्या माणसाला रविवारी सकाळी निवांत दाढीला बसता येऊ लागलं, ते त्यामुळे. आपल्या दुकानातली रविवारची गर्दी त्यांच्याच पुण्याईची आहे.

आणि कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव. १९८० च्या दशकात नवरा गेला, पदरात चार मुली, शेतमजुरीत भागेना. गावातल्या हरिभाऊ कडुकरांनी सुचवलं की नवऱ्याची धोकटी उचल. त्यांनी उचलली. लोक हसले, नावं ठेवली. त्या गावोगाव पायी फिरून दाढ्या-हजामती करत राहिल्या, जनावरांचे केससुद्धा भादरले, आणि त्याच्यावर चार मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली. आणि लांब कशाला, आपण जिथे सकाळी फिरायला जातो त्या मैदानाचं नाव १९२७ पर्यंत माहीम पार्क होतं. ते शिवाजी पार्क व्हावं म्हणून पालिकेत पुढाकार घेतला तो अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेने. बायकांनी हात घातलेलीच कामं आहेत ही. तुझा हात त्यात नवखा असेल, परका नाही.

मात्र त्याच तळमळीने हेही सांगते, हा वस्तरा गिऱ्हाइकांवर चालवायचा नाही. रक्तातून पसरणारे आजार, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, यांची जाण आल्यावर आपल्या धंद्याने अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घेतला आणि दर माणसाला नवं ब्लेड ही शिस्त लावून घेतली. ती फार मोलाची आहे. शिंगाची मूठ उकळत्या पाण्यात घालता येत नाही, आणि पट्ट्याचं चामडं तर निर्जंतुक करताच येत नाही. अण्णांचा वस्तरा फक्त अण्णांच्या गालावर. कुणी गिऱ्हाईक हौसेने मागेल, जास्त पैसे देईल, तरी नाही म्हण. त्याने स्वतःचा वस्तरा आणि स्वतःचा पट्टा आणला तर धार लावून दे, त्याचे पैसे हक्काने घे. त्या कामाला या भागात माणूस उरलेला नाही, हे लक्षात ठेव.

समुद्र आपल्यापासून दोन मिनिटांवर आहे, तेव्हा गंजाचं ऐक. चौपाटीवरून येणारा वारा खारा, आणि जून ते सप्टेंबर घरातली हवा ओली. एका रात्रीत धारेवर तांबूस ठिपके उठतात. दाढी झाली की पातं धू, मऊ कापडाने टिप, मुठीच्या आतली फट कागदाच्या बोळ्याने कोरडी कर, मग पट्ट्याच्या कापडावर थोड्या फेऱ्या मार. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरव. खोबरेल लावू नकोस, ते चिकट होतं, खवट होतं आणि थंडीत गोठतं. वस्तरा न्हाणीघरात ठेवायचा नाही. चामड्याच्या बंद पाकिटातही नाही, चामडं ओल धरून बसतं. कपाटात, सुती कापडात सैल गुंडाळून, बुटांच्या खोक्यातून मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या शेजारी ठेवून दे.

पहिली दाढी अण्णांची करशील तेव्हा उजेड भरपूर असू दे आणि घरात कुणी मध्येच हाक मारणार नाही अशी वेळ निवड. पाठ कातडीपासून थोडी उचललेली, साधारण तीस अंश, त्याहून उभं पातं नको. मोकळ्या हाताने कातडी ताणून धर, केस ज्या दिशेला वळलाय त्याच दिशेने छोट्या छोट्या फेऱ्या. पातं आडवं सरकवायचं कधीही नाही, सरकलं की कापतं. पहिल्यांदा फक्त दोन्ही गाल. हनुवटी, वरचा ओठ आणि गळा तुझ्या नेहमीच्या अर्ध्या ब्लेडने उरक. गालांवर हात बसला की महिन्याभराने गळ्याकडे वळ. अण्णांचे हात आता थरथरतात, त्यांना स्वतःची दाढी स्वतः करता येत नाही याचं त्यांना किती वाटतं, ते ते बोलत नाहीत. तू त्यांचा वस्तरा चालवलास की त्यांचंच काम पुढे चाललंय असं त्यांना वाटेल. म्हणून घाई करू नकोस, आणि भीतीही धरू नकोस.

शेवटचं. प्रयोग करताना एक वेळ अशी येईल की धार छान लागलेली असेल, केस सहज निघत असेल, आग होत नसेल, आणि तरीही तुला वाटेल की आणखी एक दगड, आणखी चार फेऱ्या, आणखी थोडी पेस्ट. तिथे हात आवर. चांगली धार बिघडते ती बहुधा याच शेवटच्या हौसेपायी. त्यापेक्षा तेव्हा पातं पूस, तेल लाव, वहीत त्या दिवशी नेमकं काय केलंस ते लिही, आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा करून बघ. दुसऱ्यांदा तसंच जमलं तर ती पद्धत तुझी झाली, आणि मग पिवळा दगड काढायला तू मोकळी. अडलं तर मला कधीही फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. फोन करताना वही मात्र समोर उघडी ठेव, कारण मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की या वेळी नेमकं काय बदललंस.

तुझी,
ताई